थंडीत डबे शोधायला का जावं?

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी: उन्हाळ्यात जिओकॅशिंगची, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीनं शोधण्याच्या खेळाची, गोडी लागली. आता दिवस लहान झालेत, बोटं गारठतात, फोन मध्येच मान टाकतो आणि बर्फ पडला तर डबा दिसणारच नाही. अशा दिवसांत बाहेर पडणाऱ्यांना कसला आनंद मिळतो? की वसंत येईपर्यंत खेळ मिटवून ठेवावा?

मिटवून ठेवू नका. बरीच वर्षं बाराही महिने डबे शोधल्यावर माझं ठाम मत झालंय की हा खेळ नजरेचा होतो तो हिवाळ्यातच. उन्हाळ्यात आपण बहुतेक वेळ झुडपं बाजूला सारत असतो. हिवाळ्यात जागा उघडी पडते आणि लपवणाऱ्यानं काय विचार केला असेल ते वाचता येतं. माझ्या लेखी या ऋतूची खरी गंमत तीच.

हे नीट समजायला यंत्राची मर्यादा लक्षात घ्या. जीपीएस आपल्याला डब्यापाशी नेत नाही, एका वर्तुळात आणून सोडतं. मोकळ्या आभाळाखाली हातातल्या यंत्राची चूक साधारण ३ ते ५ मीटर असते. डबा लपवणाऱ्यानं अक्षांश-रेखांश टिपले तेव्हा त्याच्या यंत्रातही तेवढीच चूक होती. दोन्ही चुका मिळून कधी १० मीटरचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ ३०० चौरस मीटर जागा धुंडाळायची, आणि त्यात असते करंगळीएवढी एखादी धातूची नळी. हा खेळ जन्मला तोच मुळी या चुकीचा आकार घटला म्हणून. अमेरिकन सरकार नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम गडबड करत असे, त्यामुळे १०० मीटरपर्यंत फरक पडायचा. १ मे २००० च्या मध्यरात्री ती गडबड बंद झाली आणि ३ मेला डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तेव्हापासून आजपर्यंत शेवटचे दहा मीटर मात्र डोळ्यांनीच कापावे लागतात.

दाट पानांखाली हे काम आणखी कठीण होतं. पानांतलं पाणी उपग्रहाचा संदेश शोषतं, ओली पानं तर जास्तच, आणि पडद्यावरचा बाण इकडून तिकडे भटकत राहतो. पानगळीच्या जंगलात हिवाळ्यात हा अडसर बराच कमी होतो. खोडं आणि फांद्या अजून त्रास देतात, पण बाण आधीपेक्षा लवकर स्थिरावतो. बाण स्थिरावला की यंत्र खिशात टाका आणि नुसतं उभं राहून बघा.

काय बघायचं? निसर्गात सहसा न घडणाऱ्या गोष्टी. एकमेकांना समांतर पडलेल्या चार काटक्या. शेवाळाची बाजू खाली गेलेला दगड. खोडाला टेकवलेला सालीचा तुकडा, ज्याचा पोत त्या झाडाच्या सालीशी जुळत नाही. उघड्या फांद्यांमध्ये आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी एक सरळ रेघ. सकाळी लवकर गेलात तर दहिवरसुद्धा मदत करतं. प्लॅस्टिकचा पोकळ खोटा दगड पटकन थंड होतो, तर जमिनीत रुतलेला खरा दगड आपली ऊब धरून ठेवतो. त्यामुळे ढिगातला एकच दगड पांढरा झालेला दिसला तर आधी त्याला हात लावा. ही असली बारकाई जूनमध्ये गुडघाभर गवतात कुठून साधणार?

शिवाय खाज आणणारी झुडपं, डास, साप यांचा त्रास थंडीत पुष्कळच कमी होतो. दोन सावधगिरी मात्र घ्या. गोचिडी गोठणबिंदूच्या वर ऊबदार दिवस मिळाला तर हिवाळ्यातही हालचाल करतात. आणि उत्तर अमेरिकेतल्या पॉयझन आयव्हीची पानं गळली तरी वेलीतलं दाहक तेल तसंच राहतं. झाडावर चढलेल्या केसाळ, निष्पर्ण वेलीला उघडा हात लावू नका.

आता बर्फाविषयी. बर्फ पडला की डबे संपले असं नवख्यांना वाटतं. वस्तुस्थिती अशी की काही डबे सहा महिने गायब होतात आणि काही उलट सोपे होतात. म्हणून थंडीत खेळण्याचं अर्धं कसब घरी बसून डबा निवडण्यात आहे. खेळाच्या संकेतस्थळावर डब्याच्या माहितीत हिमकणाचं चिन्ह असेल तर मालकानं, म्हणजे लपवणाऱ्यानं, तो हिवाळ्यात मिळेल अशा जागी ठेवलाय असं समजायचं. आकार बघा: १०० मिलिलिटरपेक्षा लहान डब्याच्या मागे ताज्या बर्फात जाऊ नका, एक लिटरच्या वरचे निवडा. सूचनेत ‘मुळांशी’, ‘दगडाखाली’, ‘ओंडक्याच्या मागे’ असे शब्द असले तर तो डबा वसंतासाठी ठेवा. ‘डोळ्यांच्या उंचीवर’, ‘लटकलेला’, ‘कुंपणाच्या खांबात’ असं असलं तर खुशाल निघा. आणि मागच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या शोधणाऱ्यांच्या नोंदी वाचा. त्या महिन्यांत कुणाला सापडला असेल तर तुम्हालाही सापडेल. इतक्या साध्या गोष्टीकडे किती जण दुर्लक्ष करतात याचं मला नवल वाटतं.

चढणीचा आणि वाटेचा जो दर्जा १ ते ५ मध्ये दिलेला असतो तो बहुधा कोरड्या जमिनीचा असतो. गुडघाभर बर्फात दीडचं अडीच-तीन सहज होतं. चालायला दुप्पट वेळ धरा आणि परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा. डोंगराळ भागात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. अशा उतारावरचा किंवा त्याच्या पायथ्याचा डबा, तिथल्या हिमस्खलनाच्या इशाऱ्यांचा अभ्यास असल्याशिवाय, सोडून द्यावा. दाट सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी राहते, तिथे माणूस कमरेपर्यंत खाली जाऊ शकतो. एकट्यानं तिथे वाकून शोधू नये.

बर्फात शोधताना लाथा मारून किंवा काठी खुपसून डबा फोडणारे असतात, तसं करू नका. काठीच्या टोकानं हलकेच टकटक करा आणि कान द्या. लाकूड बद्द वाजतं, दगडाचा आवाज टणक येतो, प्लॅस्टिकचा पोकळ, आणि डबा म्हणून दारूगोळ्याची जुनी पत्र्याची पेटी वापरली असेल तर तिचा आवाज एकदा ऐकल्यावर विसरत नाही. ताजा बर्फ आजूबाजूचा आवाज शोषून घेतो, त्यामुळे ही टकटक त्या शांततेत फार स्पष्ट ऐकू येते.

बर्फावरच्या पाऊलखुणा हा मला स्वतःला सर्वांत आवडणारा भाग. ससा उड्या मारत गेला असेल तर त्याच्या मोठ्या मागच्या पायांचे ठसे लहान पुढच्या पायांच्या पुढे उमटलेले असतात, त्यामुळे नवखा माणूस तो उलट दिशेला गेला असं समजतो. कोल्ह्याचा माग दोरी धरल्यासारखा सरळ जातो. या सगळ्यांमध्ये माणसाच्या बुटांची रांग वाट सोडून एका झाडापाशी जाते, तिथे तुडवातुडव दिसते आणि रांग परत फिरते. डबा तिथेच. काही जण याला फसवणूक मानतात. मी नाही मानत. माग काढणं हेही शोधणंच आहे. पण बर्फ पडल्यावर पहिले तुम्ही पोचलात तर मागे येणाऱ्यांचा विचार करा. डब्याजवळून थेट परत फिरू नका, पुढे चालत जा, दोन-तीन झाडांपाशी थांबल्याच्या खुणा करा. त्यानं पुढच्या खेळाडूची मजा टिकते आणि खेळाशी संबंध नसलेल्या कुणाच्या हाती डबा सहज लागत नाही.

गोठलेल्या तळ्यातल्या बेटांविषयी नीट सांगायला हवं, कारण मोह तिथेच जास्त असतो. बेटावरच्या डब्याला होडी लागते म्हणून त्याचा दर्जा ५ असतो. कडक हिवाळ्याच्या देशांत तोच डबा जानेवारीत चालत जाऊन मिळतो. उन्हाळाभर काठावरून बघितलेल्या बेटावर पाय ठेवणं हा अनुभव विलक्षण असतो, यात शंका नाही. पण बर्फ किती जाड आहे हे मोजल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एका चालत्या माणसासाठी स्वच्छ, पारदर्शक, घट्ट बर्फ किमान १० सेंटिमीटर हवा असा सर्वमान्य दंडक आहे. पांढरा, दुधाळ बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा असतो, तिथे जाडी दुप्पट हवी. झरा येऊन मिळतो ती जागा, पाणी बाहेर पडतं ते तोंड, पुलाखाली, बोरूच्या दाटीत, पाण्यातून वर आलेल्या खोडांभोवती बर्फ पातळ असतो. वरचा भुसभुशीत हिमथर पांघरुणासारखा काम करतो, त्यामुळे खालचा बर्फ हळू जाड होतो. नुसत्या थंडीच्या आकड्यावरून अंदाज बांधता येत नाही. वाहत्या नदीवरच्या बर्फावर तर मी जातच नाही.

बर्फावर जाणार असाल तर सोबत माणूस हवा, दोघांत अंतर हवं, गळ्यात बर्फात रुतवायचे टोकदार खिळे आणि एक दोर हवा. पाण्यात पडलेल्या माणसाविषयी कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांचा एक-दहा-एकचा हिशोब पाठ करा: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे १० मिनिटं आणि शरीर थंड पडून शुद्ध हरपायला साधारण १ तास. आल्या दिशेलाच तोंड करा, कारण त्या बर्फानं तुम्हाला पेललेलं असतं. पाय मारत पोटावर वर या आणि उभं न राहता लोळत दूर जा. तळ्याच्या व्यवस्थापनानं बर्फावर जायला मनाई केली असेल तर विषय तिथेच संपला.

लहान दिवसांची तक्रार बहुतेक जण करतात, पण रात्रीच्या डब्यांसाठी हाच ऋतू. झाडांच्या खोडांवर टाचणीएवढे परावर्तक ठोकलेले असतात आणि विजेरीच्या उजेडात एकेक चमकत पुढची वाट दाखवतात. उत्तरेकडच्या देशांत जूनमध्ये त्यासाठी रात्री अकरापर्यंत थांबावं लागतं, डिसेंबरमध्ये पाच-साडेपाचलाच सुरुवात करता येते. मुलांना घेऊन जायचं असेल तर हा फरक फार मोठा. विजेरी कपाळावर किंवा डोळ्यांच्या शेजारी धरा, कमरेशी नको. परावर्तक उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो, म्हणून डोळा उजेडाच्या जवळ असावा लागतो. थंडीत दहिवराचे कणही लुकलुकतात आणि चुकवतात. मान थोडी हलवून बघा: हिमकणाची चमक लगेच विझते, परावर्तक तसाच तेवत राहतो. पानं नसल्यामुळे तीन-चार परावर्तक एकदम दिसतात आणि अंधारात सगळी वाट डोळ्यांपुढे मांडली जाते.

सामानाचं थोडक्यात उरकतो, कारण गरम कपड्यांविषयी सगळीकडे लिहिलेलं आहे. सुती कपडा अंगाला लागून नको, तो घाम धरून ठेवतो आणि थांबल्यावर हुडहुडी भरवतो. या खेळात तर चालण्यापेक्षा थांबणं जास्त, म्हणून डब्यापाशी पोचल्यावर घालायला एक जादा जाड कपडा पाठीवर असू द्या. उन्हात बर्फ असेल तर काळा चष्मा लागतोच, ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो.

फोन बंद पडतो त्याचं कारण असं की लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, विजेचा दाब घसरतो आणि चार्ज शिल्लक असूनही फोन स्वतःला बंद करतो. ऊब मिळाली की तोच चार्ज परत दिसतो. म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा आणि नकाशा व डब्यांची माहिती घरीच उतरवून घ्या. गोठलेल्या फोनला पॉवर बँक लावू नका, शून्याखाली चार्ज केल्यानं अशा बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. वेगळं जीपीएस यंत्र असेल तर त्यात साध्या अल्कलाइन सेलऐवजी एकदाच वापरायचे लिथियम सेल घाला, ते उणे ४० अंशांपर्यंत काम देतात. आणि पेन्सिल न्या. शाई घट्ट होते, शिसं लिहीतच राहतं.

डबा हाताळताना घाई नको. जमिनीला चिकटून गोठलेला डबा ओढून उपटू नका, तळ तिथेच राहतो आणि झाकण हातात येतं. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं, क्लिप एकदम उघडली तर मोडते. काही वेळ तळहातांत धरून ऊब द्या, मग एकेक क्लिप हळूहळू उघडा. पत्र्याच्या पेटीला ओल्या उघड्या बोटांनी हात लावला तर कातडी चिकटते. शोधणाऱ्यांनी सही करायची कागदाची गुंडाळी ओली होऊन गोठली असेल आणि ती उलगडायला जाल तर कागद फाटेल. ती थोडा वेळ आतल्या खिशात ठेवा. सही केल्याशिवाय डबा सापडल्याची नोंद होत नाही हा नियम आहेच, पण वही बर्फाची वीट झाली असेल तर फोटो काढून मालकाला विचारा. सर्वांत महत्त्वाचं काम झाकण लावण्यापूर्वीचं: कडेवरचा आणि रबराच्या पट्टीवरचा प्रत्येक बर्फकण पुसा. एक कण राहिला तरी झाकण नीट बसत नाही आणि पहिल्या ऊबदार दिवशी पाणी आत जातं. मार्चमध्ये ओलेगच्च सापडणाऱ्या डब्यांपैकी बरेचसे जानेवारीत कुणीतरी निष्काळजीपणे बंद केलेले असतात.

जनावरांसाठीही हा कठीण काळ असतो. हरणासारखे प्राणी साठवलेल्या चरबीवर हिवाळा काढतात आणि घाबरून पळावं लागलं की ती चरबी खर्च होते. वाटेवरूनच चला, कुत्रा बांधून ठेवा. वटवाघळं गुहांत आणि जुन्या बोगद्यांत शीतनिद्रा घेतात. प्रत्येक वेळी जाग आली की त्यांची शक्ती जळते आणि भरून काढायला कीटक नसतात. जर्मनीत वटवाघळांच्या अशा हिवाळी ठिकाणी १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात जायला कायद्यानं बंदी आहे. जिथे कायदा नसेल तिथेही गुहेतला डबा थंडीत शोधू नये, आणि मालकानं तो तात्पुरता बंद ठेवावा.

हवा अगदीच वाईट असेल त्या संध्याकाळी कोड्यांचे डबे सोडवा. त्यात दिलेले अक्षांश-रेखांश खोटे असतात आणि कोडं सुटल्यावर कळणारी खरी जागा सहसा तिथून ३.२ किलोमीटरच्या आत असते. हिवाळाभर कोडी सोडवून ठेवली की चांगल्या हवेच्या दिवशी एकाच फेरीत अनेक डबे घेता येतात. डबाच नसलेल्या अर्थकॅशचाही विचार करा. तिथे भूगर्भातली एखादी गोष्ट पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, म्हणून बर्फाखाली गडप होण्यासारखं फारसं काही नसतं. उलट कड्यावर लोंबणारे बर्फाचे सुळे खडकातून पाणी नेमकं कोणत्या थरातून झिरपतं ते दाखवतात, आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगणारं पाणी भेगा कशा रुंदावतं हे समोर दिसतं. उन्हाळ्यात तोच कडा मुका वाटतो.

नाही सापडला तर तशी नोंद अवश्य करा आणि किती बर्फ होता ते लिहा. फक्त बर्फामुळे दिसला नाही म्हणून ‘मालकानं लक्ष द्यावं’ असा शेरा मारू नका, मालकाला विनाकारण हेलपाटा पडतो.

तुम्हाला स्वतःचा डबा लपवायचा असेल तर तोही आताच लपवा. पानं नसताना जी जागा नजरेपासून वाचते ती वर्षभर वाचते. हिरवाईच्या भरवशावर लपवलेला डबा नोव्हेंबरमध्ये वाटेवरून दिसायला लागतो. अक्षांश-रेखांशही आताच टिपा: दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी काही मिनिटं यंत्र जागेवर ठेवून, आणि सरासरी घ्या. आधीपासून असलेल्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर लागतं, ते मोजा. डबा बर्फाच्या नेहमीच्या थराच्या वर बांधा, आत पेन्सिल आणि पाण्यात न भिजणाऱ्या कागदाची वही ठेवा. वसंतातलं पाणी ओसरल्यावर एकदा जाऊन बघून या.

आणि या आठवड्यात कुठून सुरुवात करावी म्हणाल, तर पानगळीच्या झाडांमधला, हिमकणाचं चिन्ह असलेला, मध्यम आकाराचा, वाटेपासून पन्नासेक पावलांवरचा एक डबा निवडा. दुपारी बाराच्या आत पोचा. यंत्र खिशात घातल्यावर निदान पाच मिनिटं एकाही वस्तूला हात न लावता फक्त बघा, मगच शोधायला लागा.